महाळुंग्याकडून की फेजमधून

शेखरला एका जागी शांत बसलेला पाहिलाय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या माण गावात सापडायचा नाही. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा, म्हणजे उठायची तयारी आधीच. चहा उभ्यानं. लग्नाकार्यात गेला तर अक्षता पडायच्या आत मांडवाला तीन फेऱ्या. त्याची बायको शुभांगी म्हणायची, "देवानं ह्यांच्या पायाला भिंगरी बांधून धाडलं, आन् सोडवायचं इसरला बघा."

पण त्याला तरी काय बोलायचं? बापाची चार एकर भाताची खाचरं होती, ती कंपन्यांच्या फेजमध्ये, म्हणजे आयटी पार्कच्या टप्प्यात, गेली. त्या पैशातून तीन मजली इमारत उभी राहिली. चौदा खोल्या, चौदा भाडेकरू. आता खोल्यांना ना लावणी, ना बेणणी, ना कापणी. सकाळी पाण्याची मोटर लावायची आणि अर्ध्या तासानं बंद करायची, झालं दिवसाचं काम! चिखलात राबलेल्या माणसाला असलं सुख पचत नाही. म्हणून सात वर्षांमागं गावातल्या मंडळानं वर्गणीतून रुग्णवाहिका घेतली आणि "चालवणार कोण?" असं मंडळाचे अध्यक्ष हैबतराव विचारायला लागले, तेव्हा त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत शेखरचा हात वर होता.

आणि चालवली म्हणजे काय, जीव ओतून चालवली. फोन आला की चार मिनिटांत दारात. दोन बाळंतपणं गाडीतच झाली, तेव्हा डोळे पुढं ठेवून मागच्या बायांना धीर देत होता हा. गावात कुणी त्याला शेखर ड्रायव्हर म्हटलं नाही कधी. "आपला शेखर हाय की" म्हणायचे, आणि लोक निवांत व्हायचे. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याला स्वतःचा अभिमान वाटला असेल तर तो ह्या पहिल्या सहा वर्षांत.

मग गेणबाचं झालं.

गेणबा म्हणजे शेखरच्या बापाचा जोडीदार. दोघांची खाचरं बांधाला बांध लागून. बाप लवकर गेला, तेव्हा शेखरला नांगर धरायला शिकवला तो गेणबानं. शेखर त्याला नाना म्हणायचा आणि त्याच्या बायकोला, साळूबाईला, काकी. सणाला पहिलं ताट ह्या घरचं त्या घरी जायचं. तर गेल्या कार्तिकात, संध्याकाळी पावणेसहाला, काकींचा फोन आला. "शेखर, नाना छाती धरून बसल्यात रं."

चार मिनिटांत गाडी दारात. नानाला आत घेतलं, काकी शेजारी बसल्या. मोठं हॉस्पिटल हायवेच्या पलीकडं, आणि तिकडं जायला दोन वाटा. एक कंपन्यांच्या मधून, फेजच्या रुंद रस्त्यानं. दुसरी महाळुंग्याकडून, गावाच्या शिवेवरनं. सहाला कंपन्या सुटतात, फेजचा रस्ता तुंबतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. शेखरनं महाळुंग्याची वाट धरली. एक्केचाळीस मिनिटं लागली. नानाला आत नेलं, आणि थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, "पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर..." आणि पुढचं तसंच ठेवून निघून गेला.

अर्धवट बोलू नये माणसानं. बोलायचं तर पुरतं बोलावं, नाहीतर तोंड मिटून घ्यावं. त्या पोरसवदा डॉक्टरला काय ठाऊक, की त्यानं अर्धं ठेवलेलं वाक्य एक माणूस वर्षभर पुरं करत बसणार आहे!

दहाव्याला साळूबाईंनी सगळ्या भावकीसमोर तोंड उघडलं. "ह्या शेखऱ्यानं माझा माणूस मारला. फेजमधनं नेलं आसतं तर जगलं आसतं. आता ह्यानं माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई." शेखरनं खाली बघितलं आणि चपला घालून चालू पडला, तो थेट महाळुंग्यापर्यंत पायी गेला म्हणतात.

तेव्हापासून त्याचं जे सुरू झालं ते विचारू नका. डोक्यात भुंगा शिरला. फेजमधनं गेलो असतो तर? कोणत्याही कामाला बाहेर पडला की मोटारसायकलवर हॉस्पिटलपर्यंत एका वाटेनं जायचं, दुसऱ्या वाटेनं यायचं आणि घड्याळ बघायचं. शुभांगी भाजी आणायला धाडायची.

"आणली का?"

"जाताना महाळुंगं, येताना फेज. सव्वीस आन् चोवीस."

"आन् मेथी?"

मेथी राहिलेली असायची. शुभांगीनं कपाळाला हात लावायचं पण सोडून दिलं होतं. रात्री त्याला झोप नाही, दिवसा चैन नाही. त्यात आता गाडीत बसलेले नातेवाईक मागनं ओरडायला लागले, "फेजमधनं घे रं बाबा, फेजमधनं." ज्या माणसाच्या भरवशावर गाव डोळे मिटून गाडीत बसायचं, त्याला आता वाट सांगायला लागले. हे त्याला नानाच्या मरणाइतकंच लागलं, आणि असं लागतंय म्हणून स्वतःची लाजही वाटली.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत क्षितिजा राहायची. अमरावतीकडची, पंचविशीतली, मोबाइलवरून खरेदी करायच्या कुठल्याशा कंपनीत कामाला. एकदा तिच्या गीझरची वायर जळाली, ती बघायला शेखर गेला. तारेचं काम करता करता त्यानं सहज विचारलं, "ताई, तुमी कंपनीत करता काय वो?"

"दादा, अर्ध्या लोकांना लाल बटण दाखवायचं, अर्ध्यांना हिरवं. आणि कुठल्या बटणानं लोक जास्त थांबतात ते बघायचं."

"आन् एवढ्यासाठी पगार देत्यात?"

ती हसली. "दिसतं तेवढं सोपं नसतं. हिरव्यावर लोक जास्त थांबले, म्हणून हिरवं चांगलं असं नाही म्हणता येत. ते खरंच चांगलं आहे की नुसता योगायोग, हे ठरवायला लागतं. त्याचं गणित असतं."

शेखरच्या हातातली पक्कड खाली पडली. उतरला तो तीन तीन पायऱ्या गाळत, आणि गाडीची वही घेऊन वर आला. मंडळाचा नियम होता, प्रत्येक फेरीची निघायची आणि पोचायची वेळ वहीत लिहायची. "ह्यात दोन वर्साच्या फेऱ्या हायेत," तो धापा टाकत म्हणाला. "त्याच हॉस्पिटलच्या. कोणची वाट ते पण लिव्हलंय. मला सांगा, माझी वाट चुकली का न्हाई."

क्षितिजाला काही कळेना. मग शुभांगी वर आली आणि तिनं सगळं सांगितलं. ऐकून ती पोरगी वही चाळत बसली. गीझर तसाच राहिला.

रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ गच्चीवर ते दोघं बसले. म्हणजे क्षितिजा बसली आणि शेखर तिच्याभोवती फिरत राहिला. वहीत महाळुंग्याकडच्या सोळा फेऱ्या निघाल्या, नानाची धरून. फेजमधल्या अठरा. त्यांची सरासरी शेखरनं स्वतःच काढून ठेवलेली. महाळुंग्याकडून छत्तीस मिनिटं आणि वर थोडी, फेजमधून बत्तीसला जरा कमी. "चार मिनिटं," तो म्हणाला. "चार मिनिटांनी मारला मी नानाला."

"थांबा हो दादा. नुसत्या सरासरीनं काही ठरत नाही. तुमची दोन खाचरं होती समजा. एकात यंदा पाच पोती, दुसऱ्यात सहा. दुसरं खाचर चांगलं म्हणाल?"

"एका सालावर काय सांगता येतंय? पाणी कमी-जास्त, रोग, उंदीर..."

"मग हे तसंच आहे. तुमच्या महाळुंग्याच्या फेऱ्या बघा, कधी एकोणतीस मिनिटं, कधी पंचेचाळीस. फेजच्या कधी बावीस, कधी चव्वेचाळीस. दोन्ही वाटा मुळात सारख्याच आहेत असं आधी धरून चालायचं. आणि मग विचारायचं, सारख्या असताना नुसत्या योगायोगानं एवढा चार मिनिटांचा फरक शंभरात किती वेळा दिसेल? पुष्कळदा दिसत असेल, तर वाटेला दोष देता येत नाही. क्वचितच दिसत असेल, तर मग वाटेतच काहीतरी आहे."

शेखर थांबला. खरोखर थांबला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. "पर नानाला त्याच टायमाला दुसऱ्या वाटंनं नेऊन बघता आलं आसतं, तर..."

"तेच तर करता येत नाही ना. एक माणूस एकदाच जातो, एकाच वाटेनं. म्हणून वेगळ्या माणसांचे, वेगळ्या दिवसांचे दोन गट घ्यायचे, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि त्यांची तुलना करायची. खरं म्हणजे कुठल्या रुग्णाला कुठल्या वाटेनं न्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवायला पाहिजे होतं."

"चिठ्ठी टाकून माणूस न्यायचा? अवो, काय बोलता ताई!"

"म्हणून म्हटलं, आहे त्या वहीवर करते."

तिनं लॅपटॉपवर आकडे भरले. शेखरनं तेवढ्यात गच्चीला पाच फेऱ्या मारल्या. मग पडद्यावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली, "दादा, शंभरात तीन."

"म्हंजी?"

"वाटा सारख्या असत्या, तर एवढा फरक शंभरातून तीनच वेळा दिसला असता."

"म्हंजी वाटंतच हाय."

क्षितिजानं मान हलवली. तिला काही तरी बोलायचं होतं, पण शेखर जिन्यावरून उतरलाही होता.

पुढचा आठवडा त्या घरात सुतक असल्यासारखा गेला. शेखर जेवेना. त्यानं हैबतरावांना किल्ली परत द्यायचं ठरवलं. नानाचं वर्षश्राद्ध येत्या सोमवारी होतं. त्या दिवशी काकींच्या दारात जायचं, पाय धरायचे, म्हणायचं, तुमी म्हणला तेच खरं. एवढं सगळं त्यानं शुभांगीला सांगितलं. ती बिचारी पीठ मळता मळता रडायला लागली. "अवो, त्या मशिनीला काय कळतंय? तुमी त्या दिशी जिवाचं रान केलं ते त्यात भरलं व्हतं का?"

शेखरला वाटलं होतं की एकदा कळलं की सुटेन. कळलं, आणि जीव आणखीच कोंडला. खरंच मी मारलं, हे आता नुसतं काकी बोलत नव्हत्या, आकडे बोलत होते.

पण ती अमरावतीची पोरगी काही स्वस्थ बसणारी नव्हती. तिलाही चैन नव्हती. एवढा साधा रस्ता, ना तिकडं सिग्नल, ना कंपन्या, तो चार मिनिटांनी मागं का पडावा? गुरुवारी ती कामावरून आली ती सरळ खाली शेखरच्या दारात. "दादा, गाडीला जीपीएस आहे ना? त्याचं ॲप तुमच्या फोनमध्ये असेल. द्या बघू."

फोन घेऊन ती जमिनीवरच मांडी घालून बसली. एकेक फेरी उघडायची, नकाशा मोठा करायची, वहीत टिपायची. पाऊण तासानं तिनं मान वर केली. "दादा, शिवेपाशी काय आहे? रेल्वेचं फाटक नाही, सिग्नल नाही. पण महाळुंग्याकडच्या सगळ्या फेऱ्यांत गाडी तिथं उभी आहे. तीन मिनिटं, चार मिनिटं. सोळाच्या सोळा वेळा."

शेखरनं स्क्रीनकडं बघितलं. "तितं तर भैरोबा हाय."

"मग तुम्ही तिथं थांबता?"

"न्हाई, थांबत न्हाई कुटं. अंगारा घेतो फकस्त."

क्षितिजानं त्याच्याकडं पाहिलं. मग शुभांगीकडं पाहिलं. शुभांगीच्या चेहऱ्यावरही काही वेगळं नव्हतं, तिनंही मान डोलावली. "व्हय की, देवाचा अंगारा लावल्याबिगर शीव कशी वलांडायची? दुखणाईत माणूस."

"अहो पण गाडी उभी राहते ना?"

"राहती की."

"मग ते थांबणंच झालं!"

आता हे त्या पोरीला कसं समजावं? माणचा माणूस दुखणं घेऊन शीव ओलांडतो, तेव्हा गाडी हळू होते, गुरव अंगारा घेऊन पुढं येतो, कपाळाला लावतो, बरोबरची बाई उतरून पायरीला हात लावते, आणि मग गाडी निघते. हे जन्मापासूनचं. श्वास घ्यायला किती मिनिटं जातात ते कुणी लिहून ठेवतं का? शेखरनं वर्षभर मोटारसायकलवर एवढ्या वाटा मोजल्या, पण त्या वाटेत देवापुढं उभं राहणं मोजायचं असतं हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. आणि मोटारसायकलवर नुसता मेथीला जाताना तो थांबायचाही नाही, म्हणून तिथं वाटा सारख्याच निघायच्या. सव्वीस आणि चोवीस, चोवीस आणि पंचवीस. एवढं धडधडीत समोर असून दिसलं नाही. चाळीस वर्षांचा घोडा!

क्षितिजानं भराभर प्रत्येक फेरीतून भैरोबाची मिनिटं वजा केली आणि गणित पुन्हा घातलं. दोन्ही वाटांत फरक उरला पाऊण मिनिटाचा. "आता बघा," तिचा आवाज चढला होता, "वाटा सारख्या असल्या तरी एवढा फरक शंभरात सत्तर वेळा दिसेल. म्हणजे महाळुंग्याची वाट लांबची आहे असं म्हणायला काही जागाच नाही. दादा, तुमची वाट चुकली नव्हती! सुटलात तुम्ही!"

शुभांगीनं पदरानं डोळे पुसले आणि पोरीच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "आन् ऐका," ती नवऱ्याला म्हणाली, "उद्याच गुरवाकडनं अंगाऱ्याची डबी भरून घ्या आन् गाडीत ठिवा. देव काय गाडीत बसत न्हाई व्हय?" एवढी साधी गोष्ट. सात वर्षांत कुणाला सुचली नव्हती.

शेखर मात्र हसला नाही. तो फोन हातात घेऊन बसला होता. त्यानं नानाची फेरी उघडली होती.

तीन मिनिटं नाही. चार नाही. सात.

आणि मग सगळं त्याच्यापुढं उभं राहिलं, जसं घडलं तसं. गुरव म्हशी आणायला गेला होता. देवळाला नुसती कडी होती. "शेखर, कौल घेते रं," म्हणून काकी उतरल्या. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची कळी लावायची आणि उजवी पडते की डावी, ते बघायचं. उजवी पडली तर बरं. इंजिन चालू ठेवून शेखर हाका मारत होता, "काकी, चला, काकी, चला," आणि आत कळी पडायचं नाव घेईना. मग एकदम काकी धावत आल्या. नऊवारीचा घोळ एका हातात धरलेला, चेहरा उजळलेला. "उजवी दिली रं! उजवी दिली! आता काय हुत न्हाई त्यास्नी." आणि खोटं कशाला सांगायचं, शेखरच्याही छातीवरचा दगड उतरला होता तेव्हा. त्या भरात त्यानं गाडी अशी पळवली, की ती सात मिनिटं त्याच्या हिशेबातून तेव्हाच पुसली गेली.

पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाला होता.

"दादा?" क्षितिजानं विचारलं. "काय झालं?"

"काय न्हाई," शेखर म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

सोमवारपर्यंत तो आणखीच बेचैन. आधी निदान एकच टोचणी होती. आता दोन. आपण सुटलो, हे गावाला ओरडून सांगावं असं वाटायचं, आणि सांगितलं की पुढचा प्रश्न कुठला येणार हेही कळत होतं. वाटेत फरक नव्हता तर उशीर कुठं झाला? वर्षभर ज्या बाईनं त्याला गावासमोर खाली पाहायला लावलं, तिचं उत्तर आता त्याच्या खिशात होतं. एकदा तर रागाच्या भरात तो उठलाच. सांगतोच आता सगळ्यांना! आणि दुसऱ्याच क्षणी काकींचा तो उजळलेला चेहरा आठवला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

श्राद्धाला जायची त्याची हिंमत नव्हती. हैबतराव स्वतः येऊन घेऊन गेले. "एक वरीस झालं. आता पुरं. तू चल, मी हाय." क्षितिजाही शुभांगीबरोबर आली.

पहिली पंगत बसली. साळूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. वर्षभरात वाळून गेल्या होत्या. त्यांनी शेखरला पाहिलं आणि मान फिरवली नाही, एवढंच. पंगत निम्मी झाली असेल नसेल, आणि हैबतरावांना कुठून दुर्बुद्धी सुचली! मोठ्यानं म्हणाले, "काय रं शेखर, त्या पोरीनं गणित घातलं म्हणं तुझ्या गाडीचं. काय निघालं मग? कोणची वाट?"

सगळ्यांचे हात पानावर थबकले.

"वाटंत काय फरक न्हाई," शेखर म्हणाला. "दोनी सारख्याच."

"आसं कसं? मग येळ कुटं गेला?"

शेखरनं भाताचा घास तोंडात घातला. तो चावला, गिळला. "ट्रॅफिक," तो म्हणाला.

महाळुंग्याच्या रस्त्याला त्या वेळी ट्रॅफिक कसलं, असं एक-दोघं पुटपुटले. हैबतरावांनी "हां हां, आता सगळीकडंच वाढलंय" म्हणून विषय मिटवला. क्षितिजा मान खाली घालून वाटीतली खीर ढवळत राहिली.

हात धुवायला शेखर मागच्या दारी गेला, तर साळूबाई तिथं उभ्या. कधी उठून आल्या, त्यालाही कळलं नाही. तांब्या त्यांनीच उचलला आणि त्याच्या हातावर पाणी घालायला लागल्या.

"ट्रॅफिक नव्हतं," त्या म्हणाल्या.

शेखर हात चोळत राहिला.

"म्या दहाव्याला म्हणले, फेजमधनं नेलं आसतं तर. लोकास्नी वाटलं म्या तुझ्या वाटंला दोष दिला. खरं सांगू का शेखर? तू फेजमधनं गेला आसतास, तर भैरोबा वाटंत आलाच नसता. मग म्या उतरले नसते." त्यांनी पाणी घालायचं थांबवलं नाही. "उजवी दिली व्हती रं त्यानं. उजवी. त्याला कसं बोलू? मला सोताला तरी कसं बोलू, आन् मग ह्या घरात एकटीनं कशी निजू? मग तुला बोलले. तुला बोलले म्हणून जगले बघ."

शेखरच्या हातांवरून पाणी वाहून गेलं. त्याला वाटलं, राग यावा. आला नाही.

"एक सांग," साळूबाई म्हणाल्या. "त्या पोरीच्या मशिनीत आलं आसंल. म्या किती येळ थांबिवलं?"

एक वर्ष ह्या माणसानं मिनिटामिनिटासाठी जीव टाकला होता. तीस आणि एकतीस ह्यांत त्यानं कधी तडजोड केली नव्हती. वहीत एक आकडा गिरगटलेला दिसला तर त्याला जेवण जात नव्हतं.

"दोन मिन्टं," शेखर म्हणाला.

"दोनच?"

"दोनच, काकी. म्या सोता बघितलं की. दोन मिन्टानं काय हुतंय?"

साळूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या, किती तरी वेळ. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्याचे ओले हात आपल्या पदरात घेऊन पुसायला लागल्या.